धग्याची आंघोळ

अभयनं धग्याला आंघोळ घातली आणि धग्या मेला.

धग्या हा मोबाईलच्या गेममधला प्राणी, त्यामुळे पंचनामा वगैरे झाला नाही. पण गुलमंडीतल्या त्या साड्यांच्या दुकानात, गादीवर मांडी घालून बसलेल्या सेल्समन अभयनं मात्र फोन दोन्ही हातांनी डोळ्यांपाशी नेला. पडद्यावर फुस्स झालं, वाफ निघाली, आणि पोटात निखारा घेऊन डुलणाऱ्या त्या गुबगुबीत जनावराच्या जागी एक काळा धोंडा उरला.

वास्तविक अभयचा हेतू अगदी सोज्ज्वळ होता. दुकानाच्या साड्यांना फॉल लावणाऱ्या सरूबाई आपला फोन चार्जिंगला लावून, साडीच्या रंगाचं रीळ आणायला शेजारच्या बोळात गेल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "अभयभाऊ, त्याची भुकेची येळ झाली. एक लाकूड टाका." अभयनं लाकूड टाकलं. धग्यानं ते मटकावलंही. पण तो काजळीनं इतका माखलेला, की अभयला राहवेना. बाहेरून आलेल्याला पाय धुतल्याशिवाय आई ज्या घरात चहा देत नाही, त्या घरात तो वाढलेला. गेममध्ये कोपऱ्यातल्या झाडांसाठी एक बादली होती. ती त्यानं उचलली.

"गिऱ्हाईक सोडून कोणाला न्हाऊ घालतोस रे?" गल्ल्यावरून मालक तात्यासाहेब ओरडले.

"तात्यासाहेब, मेला."

"कोण?"

"सरूबाईंचा धग्या."

तात्यासाहेबांनी हातातला कप खाली ठेवला. "फोन बंद करून परत चालू कर," ते हळू आवाजात म्हणाले. अभयनं केला. धोंडा होता तसाच.

दुकानात धग्या सगळ्यांच्या ओळखीचा होता, कारण सरूबाई दुसरं काही बोलतच नसत. बाई मूळच्या देवगाव रंगारीच्या. दुकानातून साड्या न्यायच्या, फॉल लावून आणून द्यायच्या आणि हर्सूलला एका खोलीत राहायचं. हर्सूललाच का, तर नवरा साहेबराव तिथल्या जेलात जन्मठेप भोगत होता. दोघा भावांची विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून जुंपली आणि साहेबरावानं धाकट्या कृष्णाच्या डोक्यात फावडं घातलं. कृष्णा विहिरीच्या काठावरच गेला. त्याची बायको आणि सरूबाई तोवर एका चुलीवर भाकरी करत होत्या. त्या दिवसानंतर सरूबाईंना त्या घरात पाऊल टेकवायला जागा उरली नाही. गावातून निघताना त्यांनी एक ट्रंक घेतली आणि नवऱ्याचा फोन.

त्या फोनात धग्या. रात्रीची लाईट येईपर्यंत मोटारीपाशी बसून साहेबरावानं त्याला वाढवलेला. त्या काळी सरूबाई "काय ते काळं ध्यान" म्हणून दोघांचाही उद्धार करत. आता त्याच ध्यानाला वेळच्या वेळी लाकूड टाकत होत्या.

त्याचं कारण मुलाकत, म्हणजे जेलातली भेट. काचेच्या अलीकडं बायको, पलीकडं नवरा, दोघांच्या कानाला फोन. गावाचं काढलं की साहेबराव मान खाली घाली. विहिरीचं काढलं की फोनच खाली ठेवी. सुरुवातीच्या मुलाकतींना दोघं नुसती एकमेकांचा श्वास ऐकून परतली. मग एकदा त्यानं विचारलं, "धग्या हाय का?" आणि सरूबाईंना विषय मिळाला.

तेव्हापासून त्या धग्याच्या खोडी सांगत. तो उभ्यानं झोपतो. कौतुक केलं की शिंकतो, मग ठिणग्या उडतात. बराच वेळ कोणी फिरकलं नाही तर राखेसारखा पांढरा पडतो. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे, ज्यानं पहिल्यांदा पेटवला त्याचाच तो. दुसऱ्याच्या हातचं खातो, पण पाठ फिरवून. "अजून मला पाठच करतंय मेलं," असं सरूबाई म्हणाल्या की साहेबराव काचेपलीकडं हसे. जेलात गेल्यापासून त्याचं हसणं तेवढंच.

पाण्याची खोड तेवढी त्यांनी दुकानात कधी सांगितली नव्हती. पोटात विस्तव असणाऱ्याला पाणी चालत नाही, हे शहाण्यासुरत्या माणसाला सांगावं लागेल असं त्यांना वाटलं नसावं.

सरूबाई रीळ घेऊन आल्या. अभयनं फोन पुढं केला. त्यांनी बघितलं. चूल विझली की नाही हे चाचपावं तसा अंगठा धोंड्यावरून फिरवला.

"पाणी घातलं व्हय?"

"आंघोळ," अभय पुटपुटला.

"उद्या मुलाकत हाय," एवढंच त्या म्हणाल्या.

अभयनं घाईघाईनं उपाय काढला. "मावशी, धोंड्यावर काडी ओढली की नवा पेटतो. पडद्यावर लिहून आलंय आत्ता. सेम तसाच दिसतो."

"दिसंल. पर त्यो माझा होईल. माझ्याकडं तोंड करंल."

"त्यांना कुठं दिसणार आहे? फोन काही आत नेऊ देत नाहीत. सांगून टाका, झोपतोय, शिंकतोय, पाठ करतोय."

"लगीन झालंय का तुमचं, अभयभाऊ?"

"नाही."

"मग गप बसा."

साड्यांचं गाठोडं उचलून त्या निघून गेल्या. तात्यासाहेबांनी अभयकडं असं बघितलं, की बिचाऱ्यानं दिवसभर स्वतःसुद्धा पाणी प्यायलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्कूटर घेऊन सरूबाईंच्या दारात हजर. वाटेत मान वळवून तो एकेक तोड सांगत होता. "पोट बिघडलंय म्हणा, मावशी. मग पुढच्या खेपेला लई आजारी म्हणा. असं हळूहळू मारू."

"म्होरं बघून चालवा," मागून आवाज आला. "एक मारला तेवढा बास झाला."

जेलच्या फाटकापाशी त्यांनी फोन अभयच्या हातात दिला. "आता हात नका लावू त्याला." आता त्याला काय होणार होतं? अभय लिंबाखाली स्कूटरला टेकून उभा राहिला. आजूबाजूला पिशव्या घेतलेल्या बायका, सगळ्यांची नजर फाटकाकडं. इतका वेळ त्याला धग्याचं वाईट वाटत होतं. आता कुठं त्याला खरी गोष्ट उमगली. जन्मठेप लांबलचक असते आणि त्या दोघांच्या पदरी बोलायला एकच विषय होता. तोही त्यानं विझवला होता. त्यानं फोन उघडला, काडी धोंड्यापर्यंत नेली आणि बोट मागं घेतलं.

सरूबाई बाहेर आल्या. पदर नीट, चेहरा कोरा. फोन घेऊन त्यांनी पिशवीत तळाशी घातला.

"सांगितलं?"

"व्हय."

"काय सांगितलं?"

"पाण्यापायी गेला म्हणून."

अभयनं स्कूटरला किल्ली लावली, पण फिरवली नाही. "मग? काय म्हणाले ते?"

"रडले, सख्खा भाऊ मारला तव्हा डोळ्यात टिपूस नव्हता."