खर्जदादांचा पट्टा

बेस गिटार कुठे लटकली पाहिजे, याबद्दल खर्जदादांचं मत पक्कं होतं. गुडघ्यापाशी. छातीपाशी धरली की माणूस कडेवर मूल घेतल्यासारखा दिसतो, असं ते म्हणायचे. दिवसभर ते आपल्या सलूनमध्ये लोकांचे केस कापायचे आणि संध्याकाळी लग्नांत, हॉटेलांत वाजवणाऱ्या चारजणांच्या बँडमध्ये बेस वाजवायचे. बँडमधला सगळ्यात खालचा, घुमणारा सूर त्यांचा, म्हणून खर्जदादा. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ती पाटी कुणी वाचल्याचं ऐकिवात नव्हतं.

त्यांची बायको घरातल्या पुढच्या खोलीत बॅगा शिवायची. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणे, तर आपणही वहिनीच म्हणू. जाड कापड, रेक्झीन, चामडं, वहिनींचं मशीन कशावरही टीप घालायचं. नवऱ्याच्या बडबडीपेक्षा या मशीनची खडखड बरी, असं त्या येईल त्याला सांगत. त्याचं वाजवणं मात्र त्यांना मनापासून आवडे. पण हे त्यांनी त्याला कधी कळू दिलं नव्हतं, कारण मग त्याला घरात आवरणं कठीण झालं असतं.

दादांचा डावा हात दुखायला लागला तो अंगठ्याच्या बुडापासून. मग कळ मनगटात उतरली. मग सकाळी उठल्यावर बोटं बधिर राहायला लागली. चहाचा कप हातातून निसटला, तेव्हा दादांनी कपाच्या कानाला नावं ठेवली. सलूनमध्ये कंगवा सुटला, कात्री नको तेवढी आत गेली आणि एका गिऱ्हाइकाच्या केसांत खळगा पडला, तेव्हा त्यांनी ही नवी फॅशन असल्याचं सांगितलं. गिऱ्हाईक खुशीत गेलं. वहिनी मात्र घाबरल्या. त्यांनी दादांना जवळजवळ ओढतच फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे नेलं.

बाईंनी दादांना गिटार गळ्यात घालून उभं राहायला सांगितलं आणि बराच वेळ नुसतं बघितलं. मग म्हणाल्या, गिटार इतकी खाली आहे की तिच्या मानेपर्यंत, जिथे तारा दाबायच्या तिथपर्यंत, पोचायला मनगट काटकोनात मोडावं लागतंय. बोटं हलवणाऱ्या मनगटातल्या दोऱ्या त्या मोडीवरून घासत जातायत. पट्टा आखूड करा, मनगट सरळ ठेवा, तार लागेल तेवढीच दाबा, आधी हात मोकळा करून घ्या, मध्येमध्ये विश्रांती द्या. वहिनींना हे लगेच पटलं. धारदार कडेवरून दोरा सतत ओढला तर त्याचं काय होतं, हे त्यांना रोज दिसत होतं.

दादांनी एवढ्या बोलण्यातला एकच शब्द घरी आणला: विश्रांती. भांडी घासणं बंद झालं. पाण्याची बादली उचलणं बंद. गादीवरची चादर झटकणंसुद्धा हाताला घातक ठरलं. गिटार मात्र गुडघ्याशीच राहिली आणि रोज वाजत राहिली. वहिनींनी दोनदा समजावून सांगितलं, एकदा रागावून सांगितलं. मग सांगणं सोडून दिलं आणि मशीन उघडलं.

पट्टा चामड्याचा होता, आतून कापडाचं अस्तर लावलेला. दादा सलूनमध्ये गेले की वहिनी पाठीकडच्या भागात एक बारीकशी दुमड घालून टीप मारत आणि अस्तर परत जागच्या जागी बसवत. एका वेळी बोटभरच. आरशासमोर अख्खा दिवस काढणारा हा माणूस, पण बघायचा दुसऱ्यांची डोकी, त्यामुळे काही लक्षात आलं नाही. बऱ्याच दिवसांनी गिटार मांडीवर चढल्यासारखी वाटली, तेव्हा दादांना वाटलं, आपलं पोट सुटलंय. ते संध्याकाळचं खाणं सोडून बसले. वहिनींनी तेही होऊ दिलं.

या कटात वहिनींचा धाकटा भाऊ होता. तो त्याच बँडमध्ये ड्रम वाजवायचा. दादांना स्वतःच्या गिटारचा आवाज ऐकू येत नाही म्हणून ते तारांवर मुठी मारल्यासारखं वाजवतात, हे त्याला माहीत होतं. कार्यक्रमाआधी तो गुपचूप त्यांच्या स्पीकरचा आवाज थोडा वाढवून ठेवू लागला. मग दादांनी हळू वाजवलं तरी ते घुमायचं, आणि ते आपल्या हातातल्या वजनावर खूश व्हायचे. बँडमधल्या गाणारणीलाही त्याने सामील करून घेतलं. दर दोनतीन गाण्यांनंतर तिला तहान लागायची आणि मग पाणी पिऊन ती प्रेक्षकांना एक लांबलचक विनोद सांगायची. विनोद अगदीच टुकार असत, पण तेवढ्यात हाताला विसावा मिळायचा.

हात सुधारला. कप सुटेनासा झाला, बोटांना सकाळी जाग येऊ लागली. आणि याचं श्रेय दादांनी एका हिरव्या तेलाला दिलं. ते कुणीतरी त्यांना बाजारात विकलं होतं आणि त्याचा वास ओल्या पायमोज्यासारखा होता. सलूनमध्ये ज्याच्या मानेला कापड गुंडाळलं जाई, त्याला पळून जाता येत नसल्यामुळे तेलाची महती ऐकावीच लागे. वहिनी हे सगळं ऐकून तोंडात दोरा धरत, म्हणजे हसू बाहेर पडायला नको.

पण एक दिवस दुसऱ्या बँडचा बेसवाला आला. दिवसा तो शाळेची बस चालवायचा. हात इतका धरला होता की त्याला गियर टाकताना कळ येई. दादांनी त्याला तेलाची बाटली दिली. पुढच्या वेळी तो आला तेव्हा हात तसाच होता, वर त्याला वास येत होता. वहिनींना ते बघवेना. स्वतःच्या नवऱ्याची गंमत चालवणं वेगळं, पण परक्याच्या हाताचं वाटोळं होऊ देणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी बसवाल्याला घरी बोलावलं, पट्टा आखूड करून दिला, बाईंनी सांगितलेलं सगळं सांगितलं, आणि हे बाहेर बोलू नका अशी अट घातली. बसवाला मान डोलावून गेला. दोन आठवड्यांनी तो दाढी करायला सलूनमध्ये गेला आणि तोंडाला फेस असतानाच सगळं सांगून मोकळा झाला.

दादा भर दुपारी घरी आले. त्यांनी पट्टा खिडकीपाशी नेला, अस्तरावरून बोट फिरवलं आणि एकावर एक घातलेल्या दुमडी मोजू लागले. थोड्या वेळाने मोजायचं सोडून दिलं.

"हे कधीपासून चाललंय?"

"तुम्ही भांडी घासायची सोडलीत तेव्हापासून," वहिनी म्हणाल्या.

दादा रुसले. जेवले, पण बोलले नाहीत. मीठ हवं असलं की मिठाकडे बघत राहत. मग सलूनमधल्या वस्तऱ्याने त्यांनी सगळे टाके उसवले आणि संध्याकाळी हॉटेलात गिटार परत गुडघ्याशी नेली. वहिनींना पुढचं भावाकडून कळलं. तिसऱ्या गाण्यातच हात अवघडला, सूर हरवले, आणि दादांनी पायाला मुंगी चावल्याचं निमित्त करून खाली बसून घेतलं. गाणारणीने न सांगताच पाणी मागवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी बाजारातून आल्या तर आतून मशीनचा आवाज येत होता, आणि मग एकदम बंद झाला. दादा मशीनपुढे घामाघूम बसले होते. सुई मोडली होती. पट्ट्याला टीप पडली होती खरी, पण तो मशीन झाकायच्या कापडाला शिवला गेला होता.

"सुई कच्ची होती," दादा म्हणाले.

वहिनींनी पट्टा सोडवला, नवी सुई बसवली आणि कुठपर्यंत हवा, असं विचारलं. दादांनी कंबरेशी हात लावला. वहिनी नुसत्या बघत राहिल्या. हात थोडा वर आला. त्या बघतच राहिल्या. बेंबीच्या वर आल्यावर त्यांनी चाक फिरवलं.

"टाके दिसता कामा नयेत," दादा म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, "आणि माझा स्पीकर हल्ली आपोआप मोठा वाजतो, तो कसा ग? त्यात तुझा भाऊ नाही ना?"

"कुठला स्पीकर?" वहिनी म्हणाल्या आणि टीप मारत राहिल्या.

आता दादा सलूनमध्ये येईल त्या पोराला सांगतात की गुडघ्याशी गिटार धरणं हे शिकाऊ लोकांचं लक्षण आहे. कार्यक्रमाआधी ते कोपऱ्यात उभे राहून बोटं मोकळी करतात आणि कुणी बघितलं तर डास मारत असल्यासारखं करतात. भांडीही घासतात. मुद्दाम आवाज करून घासतात, पण घासतात.

मध्यंतरी वहिनी एका सकाळी मशीनवर बसल्या तर त्यांना मशीन बुटकं झाल्यासारखं वाटलं. स्टुलाच्या चारही पायांखाली लाकडाचे ठोकळे होते, त्यांना उरलेल्या रेक्झीनचे तुकडे चिकटवलेले. पायाखालच्या पेडललाही एक फळी आली होती. संध्याकाळी रोज धरणारी त्यांची मान त्या दिवशी धरली नाही. विचारलं तर काय उत्तर येईल हे माहीत असल्यामुळे त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दादा समोरून जाताना बघून त्यांनी मुद्दाम एक ठोकळा काढून कपाटामागे टाकला आणि किती वेळात परत लागतो ते बघायचं ठरवलं. त्या पाणी पिऊन आल्या तोवर तो लागलेला होता.