स्टँडकाका

चौकातल्या चष्म्याच्या दुकानदाराला सगळा परिसर स्टँडकाका म्हणायचा. काचा घासता घासता त्यांचं अर्धं लक्ष रस्त्यावर. स्कूटरचा स्टँड खाली ठेवून कुणी निघालं की हे दारातून गरजायचे, "स्टँड!" आपण आजवर किती जणांची हाडं वाचवली, हे ते गिऱ्हाइकाला न विचारता सांगत. चष्मा हातात पडेपर्यंत गिऱ्हाईक तरी जाणार कुठे?

महिन्यापूर्वी मात्र त्यांचीच फजिती झाली, आणि भोगलं बायकोने. घरून निघताना मागे बसत तिने विचारलं होतं, स्टँड वर घेतलात ना? काका खेकसले, "तू मला शिकवू नकोस." पहिल्याच डाव्या वळणावर खाली राहिलेला स्टँड रस्त्याला घासला, स्कूटर उसळली आणि बायको मनगटावर आपटली. काकांना साधं खरचटलंही नाही, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

लोक जमले तेव्हा काकांच्या तोंडून निघून गेलं, कुत्रं आडवं आलं. बायकोने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांची अब्रू राखली. भेटायला येणाऱ्यांना मग तीच कुत्र्याचं सांगू लागली. शेजारणीने खोदून विचारलं, तेव्हा तिने त्याला तपकिरी रंगही दिला. काका तेवढ्यात पाणी आणायला उठले.

तेव्हापासून खाली राहिलेला स्टँड दिसला, तरी कोणत्या तोंडाने ओरडू, असं वाटून ते मान खाली घालायचे.

आज बायको प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून दुकानात बसली होती. समोरून एक बाई स्कूटरवर लेकराला पुढे उभं करून निघाली. स्टँड खाली. काकांनी मान खाली घातली. बायको दारापर्यंत धावली, पण तिचा आवाज गाड्यांच्या गलक्यात विरला. ती वळून म्हणाली, "ओरडा की."

काका जिवाच्या आकांताने ओरडले. बाईने टाचेने स्टँड वर घेतला, हात केला आणि वळणावरून नीट निघून गेली.

चष्मा न्यायला आलेले मास्तर कौतुकाने बोलू लागले. तुमचं लक्ष असतं म्हणून बरं, त्या आडव्या आलेल्या कुत्र्यापुढे तुम्ही तरी काय करणार?

"कुत्रं नव्हतं, मास्तर," काका म्हणाले. "माझाच स्टँड खाली होता. हिने विचारलं, तर मी हिच्यावरच खेकसलो."

मास्तर चष्मा घेऊन पायऱ्या उतरले. काकांना वाटलं, सुटलो.

बायको खुर्चीत टेकली. "मास्तरांना सांगून झालं," ती म्हणाली. "माझ्याशी मात्र त्याबद्दल अजून एक शब्द बोलला नाहीत."