पाऊण तासाची आई

आर्क्टिक बेच्या विमानतळावर माझ्यासोबत सामान तोलणाऱ्या उलायुकला नातीचं गाव किती लांब असं विचारलं की ती सांगायची, "पाँड इनलेट ना? पाऊण तास!"

कपाळाचा पाऊण तास! धुक्यामुळे सहा दिवस विमानच नव्हतं. तिची चार वर्षांची नात तिकडे. उलायुकच्या वारलेल्या आईचंच नाव तिला ठेवलेलं, आणि नावासोबत माणूसही परत येतं, म्हणून आमच्या रीतीप्रमाणे उलायुक नातीला 'आई' म्हणते. तिच्यासाठी बांधलेला माशांचा खोका वजनकाट्याशेजारी तसाच पडून होता.

शेवटी उलायुकने फोन लावला. "आई, विमान नाही गं."

पलीकडून नात दरडावली, "मग कुत्र्यांची गाडी जुंप! मी नाही का पाच-पाच दिवस बर्फातून तुझ्याकडे यायचे?"

उलायुकने डोळे पुसले. "यायचीस गं, आई."