ऑर्विनची एकबारी

पेनसिल्व्हेनियातल्या एका खोऱ्यात ऑर्विन ड्राइसबाखशी कुणाचं वैर नव्हतं. बोलणं मात्र एका माणसाशी बंद होतं, आणि तोच त्याचा एकमेव मित्र होता.

तो म्हणजे क्लेटन. दोघं एकाच कारखान्यात लेथवर; शिकारीत ऑर्विन नेम धरायचा, त्याच्या डावीकडे पडून क्लेटन अंतर सांगायचा. दोघांनी मिळून एक काडतूस आखलं होतं, दुकानात न मिळणारं. बाजारच्या पितळी पुंगळीचं तोंड आवळून त्यात ज्वारीच्या दाण्याएवढ्या जाडीची गोळी बसवायची. भांडण झालं ते पुंगळीच्या खांद्यावरून, म्हणजे तिचं जाड अंग बारीक तोंडाला मिळतं त्या वळणावरून. ऑर्विनला तो उभा हवा होता, क्लेटनला उतरता.

"अरे, आवळतानाच चिरतील त्या!" क्लेटन म्हणाला.

"तुझ्या हाताला चिरतील. माझ्या नाही."

चिरल्या. दहातल्या सहा. ऑर्विननं ते कबूल केलं नाही, आणि अबोल्यात अकरा वर्षं गेली.

बायको, व्हर्ना, गेल्यावर घरात रेडिओ तेवढा बोलायचा. त्या हिवाळ्यात ऑर्विननं नळीत काडतुसाचं घर कोरायचं हत्यार नव्यानं घासलं, उतरत्या खांद्याचं. जुन्या एकबारी बंदुकीच्या सांगाड्यावर नवी नळी चढवली, आत घर कोरलं. अक्रोडाचा दस्ता तासला, तेल चोळून चोळून तळहात काळे केले. पुंगळ्या आवळल्या. एकही चिरली नाही.

एप्रिलमध्ये शेजारच्या रूबेनच्या कुरणात शंभर यार्डांवर नेमाचा कागद लावला. पाच गोळ्या, एकच भोक. ऑर्विननं कागद उतरवला. मग तो खिशात घालून थेट क्लेटनच्या दारात गेला.

दार त्याच्या मुलीनं, फर्ननं उघडलं. "ऑर्विनकाका? बाबा वृद्धाश्रमात आहेत. दोन वर्षं झाली. त्यांना आता फारसं आठवत नाही."

वृद्धाश्रमात क्लेटन खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होता. कागद हातात घेऊन त्यानं भोकावर अंगठा ठेवला.

"कुणाची बंदूक?"

"आपली. खांदा तू म्हणालास तसा ठेवला. तुझंच बरोबर होतं."

"मी काय म्हणालो होतो?"

ऑर्विननं सगळं सांगितलं. भांडणही. क्लेटन खो खो हसला. "एवढ्यावरून? गाढव आहेस लेका!" आणि लगेच विचारलं, "तू कोण म्हणालास?"

त्यानंतर ऑर्विन दर गुरुवारी जात राहिला. दर गुरुवारी कागद दाखवला, माफी मागितली, गाढव म्हणवून घेतलं. फेब्रुवारीत क्लेटन गेला.

वसंतात रूबेननं बोलावलं. ग्राउंडहॉगांनी, घुशीसारख्या बिळं करणाऱ्या जनावरांनी, कुरण पोखरलं होतं, बिळात पाय जाऊन एक गाय लंगडी झाली होती. ऑर्विन बंदूक घेऊन बांधावर आडवा झाला. लांबवर एक जनावर बिळातून उभं राहिलं. त्यानं चाप ओढला, ते जागीच पडलं.

"किती पावलं असतील रे?" त्यानं डावीकडे वळून विचारलं.

डावीकडे गवत होतं. तो उठला, गुडघे झटकले आणि स्वतःच पावलं मोजत निघाला. दोनशे अकरा भरली.