सगुणच्या टॅक्सीवरचा सूर्य

पेडण्याच्या टॅक्सी स्टँडवर सगुणची अँबेसिडर लांबून ओळखू येई ती तिच्या तोंडावरच्या सूर्यामुळे. डिचोलीच्या एका कासाराकडून त्याने तो पितळी सूर्य मुद्दाम करवून घेतला होता. बशीएवढं तोंड, भोवती किरणं आणि तोंडाला चक्क मिशा. "सूर्याक मिशो कित्याक रे?" असं स्टँडवरच्यांनी विचारलं, तर सगुण म्हणाला, "मगे? बायलमनीस काय तो?"

सूर्य हातात देताना कासाराने बजावलं होतं, "पुढची जाळी सोडवून काढ. मागून लोखंडी पट्टी घाल, तिला बोल्ट आवळ आणि वायसर विसरू नको. आपले रस्ते तुला ठाऊक आहेत." सगुणने मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कुणी नव्हता. घरी येऊन त्याने सूर्य साध्या तारेने जाळीला बांधला, वर दोन पीळ जास्त दिले आणि म्हणाला, "बोल्ट मागीर घालूया." सगुणच्या आयुष्यातली बरीच कामं या 'मागीर'च्या खुंटीला टांगलेली असत. लोकांची कामं मात्र तो धावून करी. स्वभावच तसा.

ते वर्ष गोव्याची राजभाषा मराठी की कोकणी या भांडणाचं. सगुणचे वडील कृष्णनाथ मराठीचे कडवे. मराठीच्या बाजूने ते दिवसभर कोकणीतून भांडत. नेमकं त्याच वर्षी सगुणच्या धाकट्या बहिणीला, यशोदेला, डिचोलीहून जयवंताचं स्थळ आलं. मुलगा तुयेच्या कारखान्यात नोकरीला. मुलगी बघायला आला, चहा प्याला आणि रिकामा कप स्वतः उचलून चुलीपाशी नेऊन ठेवला. आई, म्हणजे आनंदीबाई, पाहतच राहिल्या. यशोदा तर त्या कपाबरोबर गेलीच. तिने भावाला एवढंच सांगितलं, "दादा, हेंच लग्न जांव दी." पण पुढे कळलं, की जयवंत कोकणीच्या मोर्चात पुढे होता. कृष्णनाथ नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणायला कारण लागतं, आणि मुलात खोट निघत नव्हती. 

मुलाचं घर बघायला जायचं ठरलं. सगुणने गाडी धुतली, पुसली, सूर्याला चिंच लावून घासला. घरची सगळी निघाली, आणि देवळाच्या उतारावर एका खड्ड्यात गाडी आपटली आणि पुढे खण्णकन आवाज झाला. सगुणने ब्रेक दाबला. सूर्य रस्त्यावर उताणा पडला होता, मिशा आभाळाकडे.

कृष्णनाथ उतरून गाडीसमोर उभे राहिले. आता कृष्णनाथ म्हणजे म्हैस विकायची तरी देवाला कौल लावणारा माणूस. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्यांनी सूर्याकडे पाहिलं, देवळाकडे पाहिलं, हात जोडले.

"डावो कौल," ते म्हणाले. "घरा घे गाडी."

"अहो बाबा, कौल कसला? मी तारेनं बांधला होता तो! तार तुटली!"

"तार आजच कशी तुटली? आणि देवळापुढंच?"

"खड्डा देवळापुढं आहे म्हणून! आणि डावा कुठला? कौलात देवाचा उजवा हात धरतात. गाडीच्या उजव्या अंगाला पडलाय, माझ्या बाजूला. तुम्ही समोर उभे राहिलात म्हणून तुम्हाला डावा दिसतोय."

"गाडी देव कधीपासून झाली रे तुझी?"

"मग कौल तरी कसला?"

 बाप असण्याची सोय अशी, की उत्तर लागत नाही. ते मागच्या सीटवर जाऊन बसले आणि दार ओढून घेतलं. आनंदीबाई पुटपुटल्या, "वाद घालू नको रे बाबा, देवाच्या दारात."

यशोदा तेवढी खाली उभी होती. "बाबा, देऊळ हे समोर आहे. आत जाऊन नीट कौल लावा. डावा आला तर मी परत विचारणार नाही."

"एकदा दिलेला कौल परत मागूं नये."

सगुणने सूर्य उचलून डिकीत टाकला आणि गाडी वळवली. तिकडे डिचोलीला माणसं जेवण मांडून बसली होती.

दुसऱ्याच दिवशी त्याने जाळी सोडवली. मागे पट्टी, बोल्ट, वायसर सगळं घातलं, आणि नट आवळून बोल्टांची टोकं हातोड्याने अशी ठेचली, की ते पुन्हा सुटू नयेत. रागाने माणूस फार चोख काम करतो.

पुढे भाषेचा कायदा झाला, गोवा राज्य झालं, भांडणं निवली. स्टँडवर कृष्णनाथ मोर्चातल्या जुन्या शत्रूंबरोबर सोडा पिऊ लागले. जयवंताचं लग्न तोवर होऊन गेलं होतं. मग कृष्णनाथांनी स्वतः एक स्थळ आणलं. हरमलचा शिवदास. बिजवर, गोऱ्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या, वयाने यशोदेपेक्षा बराच थोर. भाषेचं मात्र काही नव्हतं. त्याला पाहुण्यांशी चार भाषांत भाड्यापुरतं बोलता येत होतं.

त्याचं घर बघायला निघायच्या सकाळी कृष्णनाथांनी सूर्याला हात लावून पाहिला. "नीट बसयलां मरे? मागच्या वेळेसारखं नको."

ते आत गेल्यावर यशोदा अंगणात आली. नवं लुगडं, डोक्यात अबोलीचा वळेसर. हळूच म्हणाली, "दादा, ह्या खेपेस तारेनंच बांध."

सगुण पाना घेऊन जाळीखाली आडवा झाला. नट हलेना. छिन्नी लावली. छिन्नी घसरली, अंगठ्याचं साल गेलं. आतून हाक आली, "सगुण, वेळ जाता!" तो अंगठा तोंडात धरून उठला. यशोदेने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट मागच्या दाराने गाडीत बसली.

हरमलपर्यंत सगुणने एक खड्डा चुकवला नाही. आनंदीबाईंचं डोकं टपाला लागलं, कृष्णनाथ ओरडले. सूर्य जागचा हलला नाही.

शिवदास दारातच उभा होता. त्याने किरणं दोन्ही हातांत धरून सूर्य गदागदा हलवून पाहिला. "काय घट्ट बसयला हो!"

"आमच्या सगुणचं काम आहे," कृष्णनाथ कौतुकाने म्हणाले.

"जेवण तयार आसा, येयात," म्हणत शिवदास आत वळला. सगुण स्टिअरिंग धरून बसून राहिला. मागे बहीण दार उघडून उतरल्याचा आवाज झाला, आणि मग ते लागल्याचा.