बारा पस्तीसचा मुहूर्त आणि दादाची सुई

चहा बिनसाखरेचा आहे, चालवून घ्या. हल्ली आमच्या घरातली साखर डब्यात कमी आणि माझ्या पर्समध्ये जास्त असते. का, तेच सांगते. हसायचं तर खुशाल हसा, पण मंचरच्या दवाखान्यात जाऊन बोलू नका. तिथे मला अजून थोडा मान आहे.

तुम्ही लग्नपत्रिकेवरच्या वेळेवर विश्वास ठेवता का हो? नाही ना? आपल्या जुन्नर-आंबेगावात शेंबडं पोरसुद्धा ठेवत नाही. मी ठेवला! वीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या बाईने!

दोन हजार तीन-चारचा मे महिना असेल. बहिणीच्या मुलीचं लग्न, अवसरीत मांडव, नवरदेव बोरी बुद्रुकचा. माझा थोरला भाऊ दादा हा नवरीचा एकुलता एक मामा. मामाने आणल्याशिवाय नवरी मांडवात येत नाही, त्यामुळे साहेब फेटा बांधून सकाळपासून पुढच्या सोफ्यावर. शुगर मात्र गोळ्यांना दाद देईना, म्हणून डॉक्टरांनी नुकतंच इन्सुलिन सुरू केलेलं. लवकर काम करणारं, तीन वेळा, जेवणाआधी अर्धा तास. टोचायचं काम माझ्याकडे.

पत्रिकेवर छापलेलं, दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटे. साडेबारासुद्धा नाही, पस्तीस! इतकी नेमकी वेळ खोटी कशी असेल? बारा पस्तीसला अक्षता, पावणेएकला पहिली पंगत, म्हणजे सव्वाबाराला सुई.

"शोभे, आधी पान वाढू दे, मग टोच," दादा म्हणाला.

"जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं असतं. शास्त्र तुला कळतं का मला?"

"शास्त्र तुलाच कळतं गं. पर ही लग्नाची येळ हाय. येस्टीची येळ बी हिच्यापरीस बरी."

"सदरा वर कर."

सव्वाबाराच्या ठोक्याला टोचलं. पर्समध्ये सिरिंज होती, स्पिरिटचा कापूस होता. साखरेची पुडी नव्हती. कशाला लागतेय, पावणेएकला पंगत!

बारा पस्तीसला नवरदेव कुठे होता? मंचरात, कांद्याच्या ट्रकांमागे! मोटारसायकलवरून आलेल्या एका पाहुण्याने ही आनंदाची बातमी दिली. मग काय, मांडव मोकळा कसा ठेवायचा? सत्कार सुरू झाले. आजी सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, डेअरीचे चेअरमन. प्रत्येक जण 'वेळेअभावी दोनच शब्द' म्हणायचा आणि दहा मिनिटं माईकला चिकटायचा. मी दातओठ खात घड्याळ बघत होते. माणसांना काही लाज?

एक वाजला तसं मी दादाला म्हटलं, "चल मागे, दोन घास खाऊन घे."

"येडी का काय? मामानं अक्षता पडायच्या आधी जेवायचं? बोरीचं पावणं काय म्हणतील?"

"मग इथेच बस, बुंदी आणते."

आचारी टोपावर हात ठेवून उभा. "अक्षता पडल्याबिगर टोप उघडायचा न्हाई. मालकाचा हुकूम हाय."

"अहो, माणसाचा जीव जाईल!"

"बाई, भूक समद्यांनाच लागलीय."

मी पदर खोचणार, तेवढ्यात लाउडस्पीकरवर आवाज घुमला. "मंचरच्या सुप्रसिद्ध सिस्टर, नवरीच्या मावशी शोभाताई, यांनी स्टेजवर यावं आणि शुगरवर दोन शब्द बोलावेत!"

खोटं कशाला बोलू? मी टोपातच हात घालायला हवा होता. पण वीस वर्षांत मला कोणी 'सुप्रसिद्ध' म्हटलं नव्हतं हो! म्हटलं, दोन मिनिटांत बोलून येते.

"वेळेअभावी दोनच शब्द," मी सुरुवात केली. हो, मीसुद्धा!

मग इन्सुलिनच्या जाती सांगितल्या. एक पाण्यासारखं स्वच्छ, लवकर चढणारं. एक दुधासारखं गढूळ, सावकाश चढणारं. गढूळ बाटली तळहातांत हळू फिरवायची, खडखडा हलवायची नाही. मागून एका पागोटेवाल्या बाबांनी विचारलं, "आमी मेंढरास्नी लस टोचतो, ती बी गारव्यात ठिवावी लागती. ह्ये तसंच का?"

"अगदी तसंच, बाबा!" टाळ्या पडल्या. मी आणखी चढले.

"आता नीट ऐका. सुई टोचल्यावर जेवण लांबलं तर साखर एकदम खाली येते. माणसाला दरदरून घाम फुटतो."

समोर दादा फेट्याखालून घाम पुसत होता. मे महिना, म्हटलं, पुसणारच.

"हात थरथरतात."

दादाच्या हातातला सत्काराचा नारळ गडगडत स्टेजपाशी आला. लोक हसले.

"माणूस विनाकारण चिडतो."

"ए शोभे! बास कर की! उतर खाली!"

"बघा, अस्सा चिडतो!" मी माईकवर म्हणाले. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी! "आणि मग काहीबाही बरळायला लागतो."

दादा उठला. डोक्यावरचा फेटा काढून गरगर फिरवायला लागला आणि डेअरीच्या चेअरमनना ढकलत ओरडला, "हुर्रर्र! मेंढरं आत घ्या रं! अंधार पडला, मेंढरं आत घ्या!"

दुपारचा दीड वाजलेला. आणि आमची मेंढरं विकून वीस वर्षं झाली होती.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली! माईक हातातच, तशी धावले. सरबताच्या पिंपाजवळची साखर मूठभर उचलली, पाण्यात कालवली, दादाला खाली बसवून घोट घोट पाजली. "दादा, गिळ रे! दादा, मीच मारलं रे तुला! माझंच चुकलं, माझ्या तोंडाला आग लागो!" हे सगळं माईकवरून अख्ख्या अवसरीला ऐकू गेलं. आचारी स्वतः परात भरून बुंदी घेऊन पळत आला.

दहा-पंधरा मिनिटांनी दादाची नजर ठिकाणावर आली. हातातला फेटा बघून म्हणाला, "लागलं का लगीन?"

दोनला नवरदेव आला, सव्वादोनला अक्षता पडल्या. मामा मिशीत बुंदी घेऊन नवरीमागे उभा.

जेवताना पागोटेवाले बाबा मला म्हणाले, "बाई, भाषान बरं व्हतं. पर तुमच्या भावानं काम लई झ्याक केलं. किती दिस तालीम केली?"

परवाच नात्यातल्या एका लग्नात सिरिंज भरून दादाजवळ गेले. त्याने आधी पानाकडे बघितलं. भात होता, वरण होतं. मग मान उंच करून चारी बाजूंना बघितलं.

"काय शोधतोस?"

"माईक," दादा म्हणाला. "लांब हाय ना? मग टोच."