नवी चेन, जुने दाते

लेकीच्या सायकलची चेन किल्लीवाल्याने घरीच बदलली. जुनी ताणली जाऊन पार लुळी पडली होती. त्याने तेवढ्याच रुंदीची, तेवढ्याच कड्यांची नवी आणली, सायकल उलटी करून हाताने पायडल फिरवलं. प्रत्येक दाता कडीत बसत होता. आयुष्यभर कुलपात किल्ली फिरवून पाहणाऱ्या माणसाला याहून मोठी खात्री कसली हवी? लेक घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करते; ती नेहमीच्या घाईत निघून गेली.

दुकान उघडताना त्याने शेजारच्या सायकलवाल्यापुढे फुशारकी मारली.

"वा! मग मी आता किल्ल्या करायला घेतो," सायकलवाला हसला. "मागचं दात्यांचं चक्र, फ्रीव्हील, कुठलं टाकलंत?"

"ते कशाला? छान फिरतंय की."

सायकलवाल्याच्या हातातला पाना थांबला. "अहो, ती चेन आणि ते दाते एकमेकांबरोबर झिजले होते, म्हणून निभावत होतं. नवी चेन हाताने फिरवली तर बसल्यासारखी वाटते. उभं राहून जोर लावला की दात्यावरून उडी मारते."

किल्लीवाल्याने अर्धवट उघडलेलं दुकान तसंच सोडलं. लेक पायडलवर उभी राहते ती एकाच जागी, पुलाच्या चढावर. तिथे कठडा आणि ट्रक यांच्यात हातभर जागा असते.

त्याने फोन लावला. नुसता वाजत राहिला. सायकलवर असताना फोन घ्यायचा नाही, ही ताकीद त्याचीच.

सायकलवाल्याचीच सायकल घेऊन तो सुटला. पुलाच्या पायथ्याशी वाहनं तुंबली होती. पुढे काय झालंय, हे कुणाला विचारायची त्याची छाती होईना. तो ट्रकांच्या कडेकडेने चढू लागला. कठड्याला टेकवलेली लेकीची सायकल दिसली. लेक दिसेना.

"बाबा? तुम्ही इथे?"

ती एका ट्रकच्या पुढच्या चाकाजवळ, कठड्याला पाठ लावून बसून स्वतःच्याच पिशवीतल्या कापसाने गुडघा पुसत होती.

"चेन खटकन सुटली, पाय रिकामा गेला. कठड्याकडे पडले म्हणून..." तिने चाकाकडे पाहिलं. "तुम्ही किल्ल्याच करा, बाबा."

दुपारी सायकलवाल्याने पहिलं फ्रीव्हील लावून पाहिलं. ते एक फेरा घेऊन अडकलं.

"जुनी सायकल, आटे वेगळे."

"जरा कानस मारली तर?"

"तुमची कानस खिशात ठेवा. इथे जोर केला तर चाकाचा मधला भागच बाद होईल."

दुसरं बोटांनी शेवटपर्यंत बसलं. दाते जुन्याइतकेच, पण अख्खे. सायकलवाल्याने पायडलला हात घातला तसा किल्लीवाला म्हणाला, "हाताने नको." त्याने पुढचं चाक भिंतीला टेकवलं, पायडलवर उभा राहून सगळं वजन टाकलं. मग चाक जरासं फिरवून पुन्हा. मग पुन्हा.

"अहो, भिंत पाडाल!"

चेन एकाही दात्यावरून उडाली नाही.

दुसऱ्या दिवशी तिला न सांगता तो पुलाशी जाऊन उभा राहिला, कान त्या 'खट' आवाजाकडे लावून. लेक आली. चढ सुरू होताच सायकलवरून उतरली आणि कठड्याला अंग घासत, सायकल ढकलत वर निघाली. मागून ट्रक आला तेव्हा दोघांनीही श्वास रोखला.